पेटीवाल्यावरचं पान

माझ्या बाबांवर आयुष्यात एकच पान छापून आलं. ते मी अजून जपून ठेवलंय, प्रेमाने नव्हे, रागाने. दर वेळी बाहेर काढलं की मी ते पानं मांडणाऱ्याच्या नजरेने तपासते, कारण मुलगी म्हणून बघायला गेलं की डोकं फिरतं. धंदा माझा तोच होता. हैदराबादेतल्या एका जाहिरात कंपनीत मी पानं मांडायची: मथळा कुठे, चित्र कुठे, मजकुराचे रकाने किती रुंद, मोकळं किती सोडायचं. तेव्हा आजही तपासूनच सांगते.

पान एका मराठी संगीत मासिकाचं. वर पानभर पसरलेला जांभळा मथळा, 'सुरांचा सोबती'. इतका गुळगुळीत की त्याखाली कोणाचंही चित्र चाललं असतं, बासरीवाल्याचं किंवा नुसत्या रेडिओचंसुद्धा. मथळ्याखाली डावीकडे बाबांचा मोठा रंगीत फोटो, पेटीवर झुकलेले. त्याखाली दोन अरुंद रकान्यांत बारीक अक्षरांतला मजकूर. मध्ये एक चौकट आणि तिच्यात ठळक अक्षरांत बाबांचं म्हणून एक वाक्य, 'मी आयुष्यभर साथच केली.' आणि उजवीकडे, वरपासून खालपर्यंत, पानाचा चांगला तिसरा हिस्सा खाऊन बसलेली एका वाद्यांच्या दुकानाची जाहिरात. तिच्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, त्यामागे हसणारी बाई आणि शब्द, 'आता साथीदाराची वाट कशाला पाहायची?' एक बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की तंबोरा.

पेटीवाल्यावरच्या पानावर ही जाहिरात घ्यायला वेगळीच हिंमत लागते. पण हिंमत कोणी केली नव्हती, कोणी मुद्दामही केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान कडकडून भांडता आलं असतं.

आधी चौकटीचं सांगते. बाबा बोलले होते ते असं, 'मी आयुष्यभर साथच केली, आता एकदा मला एकट्याला ऐका.' चौकटीत अर्धं वाक्य बसलं. उरलेलं अर्धं खाली मजकुरात तरी सापडेल म्हणून मी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. तिथेही नव्हतं. जागा कमी पडली की पान मांडणारा कात्री चालवतो, हे मी जाणते. पण कात्री कुठे चालवायची याला काही अक्कल लागते.

खरी गोष्ट मात्र फोटोची आहे. आमच्या धंद्यात एक नियम आहे. चित्रातला माणूस ज्या बाजूला बघतो, वाचणाऱ्याची नजरही त्याच बाजूला जाते. म्हणून माणूस पानाच्या आत बघणारा हवा. बाहेर बघणारा असला की वाचणाराही पानाबाहेर निसटतो. मी स्वतः या नियमावर प्रेशर कुकर विकलेत. मूळ फोटोत बाबा डावीकडे बघत होते. तो पानाच्या उजव्या बाजूला लावला असता तर सगळं आपोआप जमलं असतं. पण उजवी बाजू दुकानदाराने घेतलेली. मग डावीकडे बसवलेले बाबा पानाबाहेर बघायला लागले आणि मांडणाऱ्याने सोपा उपाय काढला. कॉम्प्युटरवर त्याने फोटोच उलटा केला, आरशात दिसतो तसा. आता बाबा उजवीकडे बघू लागले, म्हणजे थेट त्या कीबोर्डाकडे. नियम सांभाळला गेला आणि बाबा डावखुरे झाले.

पेटी वाजवणारा उजव्या हाताने पट्ट्या दाबतो आणि डाव्या हाताने मागचा भाता हलवतो. पानावर नेमकं उलट होतं. भांग उलटा, सदऱ्याची बटणपट्टी उलटी, आणि पेटीचे खालचे सूर उजवीकडे, वरचे डावीकडे. अशी पेटी जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. ज्याने जन्मात एकदा पेटीला हात लावलाय त्याला हे दिसायला हवं होतं. संगीताचं मासिक काढणाऱ्यांत एकालाही दिसलं नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आमचे लोक मूळचे मराठवाड्यातले शेतकरी, निजामाच्या राज्यातले. शिक्षणासाठी आजोबांनी बाबांना शहरात पाठवलं तेव्हा सरकारी शाळांतून सगळं उर्दूत चालायचं, त्यामुळे बाबांचं शिक्षण उर्दूत झालं. मराठी ते पुढे घरी बसून वाचायला शिकले, तरी पानाला 'सफा' आणि मासिकाला 'रिसाला' म्हणायची सवय कायम राहिली. कचेरी सुटली की सायकलच्या मागे पेटी बांधून ते कुठे ना कुठे साथीला जायचे. गाणारा हैदराबादचा असो की बाहेरचा, पेटीवर बाबा. कार्यक्रमाच्या बातमीत त्यांचं नाव शेवटच्या ओळीत यायचं, तेही चुकीचं. फोटोत त्यांचा एक खांदा यायचा. उरलेले बाबा गायकाच्या शालीमागे असायचे.

साथीदाराचा एक धर्म असतो, तो बाबांनी हाडीमाशी मुरवून घेतलेला. समोरचा जिकडे जाईल तिकडे जायचं. तो चुकला तरी त्याच्याबरोबर चुकायचं आणि बरोबरच परत यायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळत नाही. भर मैफलीत समोरच्याला नाही म्हणायचं नाही. मला हा धर्म लहानपणापासून खटकायचा. घरीही ते तसेच वागायचे. भाजीवाल्याने किडकी वांगी पुढे केली तरी तीच घेऊन यायचे आणि आईची बोलणी खायचे.

मासिक आमच्या इथल्या मराठी संगीत मंडळाचं. संपादक जामबागेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, त्यांना सगळे सर म्हणायचे. जुनं मासिक नामपल्लीच्या एका छापखान्यात निघायचं. दिसायला ते भयंकर होतं. कडेने वेलबुट्टी, मधोमध गायकाचा लंबगोलातला फोटो आणि वर शाईचे डाग. पण त्यात उजवा हात उजवा असायचा.

मग बाजार खुला झाला. गल्लोगल्ली कॉम्प्युटर शिकवणारे वर्ग निघाले, घरोघर केबल आली आणि पुण्या-मुंबईची नोकरदार तरुण मंडळी कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन राहू लागली. त्यांतले काही मंडळात आले. त्यांना संगीताची आवड होती हे मी नाकारत नाही. त्यांच्याकडे वेळ नव्हता एवढंच. त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, मासिक मी घरच्या कॉम्प्युटरवर करून देतो, रंगीत. जाहिरातीही त्यानेच मिळवल्या. सरांना तर आकाश ठेंगणं झालं. ते भेटेल त्याला मासिकाचा चकचकीत कागद बोटाने चाचपायला लावायचे.

याच भरात सर एक दिवस आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "साथीदारांवर कधी कोणी लिहीत नाही. आपण तुमच्यापासून सुरुवात करू. आधी पान, मग वार्षिक संमेलनात तुमचं एकट्याचं पेटीवादन. मी कमिटीला सांगून ठेवलंय."

बाबांनी आईला चहा टाकायला सांगितलं, तोंडावर पाणी मारून आले आणि मग म्हणाले, "हौ, वाजवतो की."

निवृत्तीनंतर माणूस कशाची वाट पाहतो ते मला त्या महिन्यांत कळलं. बाबा पहाटे उठून जौनपुरी घोटायला लागले. वादन सकाळचं होणार म्हणून सकाळचाच राग. साथीत पेटीला मधल्या फटीच मिळतात, गायक श्वास घेईल तेवढ्या. आता अख्खा राग एकट्याने उभा करायचा होता. कुठे सुरू करायचं, कुठे थांबायचं, हे सांगायला समोर कोणी नव्हतं. बाबा अडखळायचे, पुन्हा पहिल्यापासून धरायचे. फोटोसाठी त्यांनी नवा सदरा शिवून घेतला. फोटोवाला घरी आला तेव्हा मला म्हणाले, "हात नीट आले पाहिजेत बघ. चेहरा कसाही येऊ दे."

अंक पोस्टाने आला. बाबांनी तो मांडीवर उघडला. उर्दूत शिकलेल्या माणसाची नजर पानावर उजवीकडून शिरते, मराठी वाचताना सावरावी लागते. त्यामुळे आपल्यावरच्या पानात बाबांना सर्वांत आधी कीबोर्ड दिसला. त्यांना वाटलं सफा चुकला. त्यांनी पान उलटून मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि परत तिथेच आले.

मग त्यांनी फोटो पाहिला. स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, एकदा उजवा हलवला, एकदा डावा.

"हा माणूस मी नव्हे," ते म्हणाले.

आई म्हणाली, "चेहरा तर तुमचाच आहे."

"चेहऱ्याचं काय करायचं? हा वाजवतोय बघ कसा."

माझ्या ते लगेच लक्षात आलं होतं, आणि का केलं असेल तेही. बाबांना मी नियम समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे त्या बाजाकडे लोकांनी बघावं म्हणून मला फिरवलं?" मी हो म्हटलं.

रविवारी मी कुकटपल्लीला गेले. त्या तरुणाच्या फ्लॅटवर दर रविवारी मासिकाचं काम चालायचं, सरही तिथेच होते. मी पान समोर टाकलं आणि काय झालंय ते सांगितलं. तरुणाने पडद्यावर फोटो उघडला, एकदा फिरवला, परत फिरवला.

"अरे हो," तो म्हणाला. "सॉरी ताई, खरंच लक्षात आलं नाही. पण लेआउटच्या दृष्टीने तो तसाच बरा दिसतो. तुम्ही याच फील्डमधल्या आहात, तुम्हाला पटेल."

"मला पटायचा प्रश्न नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. सुलटा फोटो घाला आणि चूक झाली म्हणून दोन ओळी लिहा."

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दुरुस्ती छापली की ज्यांच्या लक्षात आलेलं नाही त्यांच्याही लक्षात येतं. आणि जाहिरातदार काय म्हणेल? आपल्या पानात चूक होती असं त्याला वाटेल."

"चूक होतीच ना, सर?"

"अगं, पण किती सुंदर पान झालंय," सर म्हणाले, आणि त्यांनी तो कागद बोटाने चाचपला.

त्यांच्यातलं कोणी वाईट नव्हतं. तरुणाने मला चहा करून दिला, बिस्किटं दिली आणि बाबांच्या संमेलनाला नक्की येतो म्हणाला. मी चहा प्यायले नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुरुस्ती पुढच्या अंकात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाबा म्हणाले, "नक्को ना बेटा, कशाला परेशान होतेस. संमेलनात लोक समोर बसून बघतील, तेव्हा कळेलच की उजवा कोणता." मलाही ते पटलं. छापलेलं चुकलं तरी वाजवलेलं दिसेल असं आम्ही दोघं धरून चाललो.

संमेलन जामबागेतल्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये होतं. सकाळची वेळ, हॉल बऱ्यापैकी भरलेला. पुढच्या रांगांत नवी मंडळी, मागे आमचे जुने लोक. मी मधल्या वाटेच्या कडेला बसले होते. निवेदनाला मुंबईहून नुकतीच आलेली एक मुलगी होती. बिचारीने मनापासून तयारी केली होती. बाबांना तिने कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा तयारी मासिकातल्या पानावरून. तो फोटो नीट बघणारी मंडळातली ती पहिलीच व्यक्ती, असं आज वाटतं. पट्ट्यांवर डावा हात आहे हे तिच्या बरोबर लक्षात आलं होतं.

ती माइकवरून म्हणाली, "आज आपण ऐकणार आहोत एका वेगळ्याच कलावंताला. आपल्या शहरात डाव्या हाताने पेटी वाजवणारे ते एकटेच."

हॉलमध्ये कुजबूज झाली. पुढचे लोक सावरून बसले, मागून कोणी मान उंच करून बघू लागलं. सर पहिल्या रांगेत होते. ते खुर्चीतून थोडेसे उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि परत बसले. बाबांना वर्षानुवर्षं ऐकलेली जुनी माणसं मूग गिळून बसली. मी उठून पायऱ्यांपर्यंत गेले. बाबांनी मंचावरून मला पाहिलं आणि नुसती मान हलवली, नको म्हणून. मग त्यांनी भात्याची कडी काढली, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि जौनपुरी सुरू केला.

त्या दिवशी ते फार चांगलं वाजवत होते. हे मुलगी म्हणून सांगत नाही. घरी जिथे अडखळायचे त्या सगळ्या जागा आता सहज निघत होत्या. एक सूर धरून ते निवांत थांबायचे, आणि ती थांबायची मुभा आयुष्यात पहिल्यांदा त्यांची स्वतःची होती. तबलजीने दोनदा वाहवा म्हटलं. पण हॉल ऐकत नव्हता, हॉल हात बघत होता. माझ्या पुढची बाई नवऱ्याला म्हणाली, "डावा कधी?" नवरा म्हणाला, "आधी नेहमीसारखं वाजवत असतील."

राग संपला. टाळ्या पडल्या, कार्यक्रम संपल्यावर पडतात तेवढ्या. दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ अगदी आदराने म्हणाले, "काका, फार छान. आता एक डाव्या हाताने होऊन जाऊ द्या."

बाजूच्यांनी माना डोलावल्या. निवेदन करणारी मुलगी हात जोडून, हसत उभी. बाबा बोलले असते तर एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. पण समोरच्याने काही मागितलं होतं आणि समोरच्याला नाही म्हणायचं नसतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते मागणाऱ्याकडे बघत होते, गायकाकडे बघावं तसे, कुठे जायचंय त्याचा अंदाज घेत.

त्यांनी भाता डावीकडून बंद केला आणि उजव्या बाजूची कडी काढली. उजवा हात मागे नेला, डावा पट्ट्यांवर आणला. आणि पहिल्या इयत्तेतल्या मुलांना शिकवतात तो सारेगमचा पलटा वाजवू लागले. बोटं वळत नव्हती. करंगळी मध्येच दुसऱ्या पट्टीवर पडायची, भाता अडायचा, सूर तुटायचे. मग त्यांनी एक सोपी धून धरली, जेमतेम ओळखू येईल अशी. तबलजी मान खाली घालून ठेका देत राहिला.

टाळ्या थांबेनात. पहिली रांग उभी राहिली, तिच्यामागे दुसरी. तो कुकटपल्लीचा तरुण उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि सरसुद्धा. बाबांनी हात जोडले. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी इतक्या टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या, आणि त्यांतली एकही जौनपुरीला नव्हती.

रिक्षात पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. माझा राग उतरला नव्हता. अर्धा राग त्यांच्यावरच होता. कोठीचा चौक गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, निदान एकदा तरी एकट्याने वाजवलंत. जौनपुरी कोणी ऐकला नाही, पण मी ऐकला."

ते डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत होते.

"एकट्याने कुठे, बेटा," ते म्हणाले. "आज पण साथच केली. त्या तस्वीरीची."

पुढे गाणारे बोलवायचे तेव्हा ते साथीला जात राहिले. पण पहाटेचा रियाज त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बंद केला, आणि आमच्या घरात जौनपुरी पुन्हा वाजला नाही.